हक्क आणि जाण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला जो विषय दिला तो 'नव्या पिढीतील कृतज्ञतेचा व सौजन्याचा ऱ्हास' असा आहे. उतारवयाच्या माणसाला या विषयावर बोलणे फार सोपे असते. आमच्या वेळी असे नव्हते, असे म्हणून सुरुवात करावी, मोबाईलला चार शब्द सुनवावेत, पालकांकडून टाळ्या घ्याव्यात आणि विद्यार्थ्यांच्या जांभयांकडे दुर्लक्ष करावे. मी ३१ वर्षे वर्गात काढली आहेत. कोणत्या वाक्याला जांभई येते हे मला पाठ झाले आहे. तेव्हा विषय तोच ठेवून वाट थोडी निराळी धरतो.

खरे सांगायचे तर आमच्या वेळी कोणी कोणाचे आभार मानीत नसे. अम्मीने ताटात भाकरी वाढल्यावर मी 'शुक्रिया' म्हटले असते, तर पोराला ताप तर नाही ना, म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला असता. शेजारच्या मराठी घरांतही तीच रीत होती. आभार हा शब्द सभेच्या अखेरीस, श्रोते चपला शोधू लागले की, आभारप्रदर्शनाच्या वेळी तेवढा ऐकू येई. उलट आज 'थँक यू' कोठे नाही? दुकानाच्या पिशवीवर आहे, बँकेच्या यंत्रात आहे, टेलिफोनवरच्या ध्वनिमुद्रित बाईच्या तोंडी आहे. कृतज्ञता म्हणजे तो शब्दच असेल, तर तिचा दुष्काळ कसला, महापूर आला आहे असेच म्हणावे लागेल.

मग कमी झाले ते काय? आपल्या मराठीत त्यासाठी फार नेमका शब्द आहे. आपण 'उपकाराची जाण ठेवणे' असे म्हणतो. जाण म्हणजे जाणणे. कोणी काय केले, केव्हा केले, त्याला ते करताना काय पडले, हे ठाऊक असणे. ज्याला हे ठाऊकच नाही त्याने तोंडाने कितीही आभार मानले तरी त्या आभारांना वजन येत नाही. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने तोंडातून शब्द काढला नाही तरी त्याच्या वागण्यातून ते दिसल्यावाचून राहत नाही.

पूर्वीच्या मुलाला ही जाण आपोआप येत असे, त्यात त्याचा काही मोठेपणा नव्हता. फी भरायची वेळ आली की गोठ्यातली शेळी बाजारात जाई आणि ती शेळी त्याने स्वतः चारलेली असे. पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत येत, ती मागायला बाप कोणाच्या ओट्यावर किती वेळ उभा राहिला हे तो पाहत असे. आज बापाच्या फोनवरून शाळेच्या खात्यात पैसे जातात, 'टुण' असा आवाज होतो, झाले. त्या आवाजामागे बापाने किती तास जादा काम केले, हे मुलाला कोठून दिसणार? आपण सर्व सोयी केल्या आणि सोयीबरोबर सोय करणारा माणूस पडद्याआड गेला. पार्सल दारात येते, आणणाऱ्याचा चेहरा आपण पाहत नाही, पण त्याला पाच तारे द्यायचे की तीन याचा निवाडा मात्र जिन्याने वर जाता जाता करून टाकतो.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल, निदान हुशार मुलांच्या मनात तरी यावा. जे आमच्या हक्काचे आहे त्याबद्दल आम्ही उपकार का मानायचे? प्रश्न रास्त आहे. पिढ्यान् पिढ्या गोरगरिबांना हेच शिकविले गेले की मिळेल ते घ्यावे, हात जोडावे आणि गप्प बसावे. कचेरीतल्या खिडकीमागचा मनुष्य उत्पन्नाचा दाखला असा देई, जणू स्वतःच्या शेतातले धान्य मोजून देतो आहे. ती लाचारी गेली पाहिजे आणि ती जावी म्हणूनच कायदे झाले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घेणे हे आता कोणाची मर्जी राहिलेली नाही. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. त्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, अर्जाची पोच मिळाली पाहिजे, आणि नाही मिळाली तर अपील करता येते. पालकांनी हे नीट ध्यानात ठेवावे. दाखल्यासाठी कोणापुढे कमरेत वाकण्याचे काही कारण नाही. जो कोणी तुम्हाला सांगेल की हक्क मागणे म्हणजे कृतघ्नपणा, त्याचे ऐकू नका. अशा उपदेशात बहुधा उपदेश करणाराचीच सोय असते.

परंतु एक उदाहरण घेऊ. शाळेत दुपारी मिळणारी खिचडी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शाळेत शिजविलेले अन्न मिळालेच पाहिजे. म्हणजे ती खिचडी मुलाच्या हक्काची आहे, दानाची नव्हे. पण न्यायालयाचा आदेश चुलीवर शिजत नाही. तो शिजविण्यासाठी गावातली एक बाई तुमच्या घंटेच्या कितीतरी आधी येते, तांदूळ निवडते, धुराने लाल झालेले डोळे पदराला पुसते, आणि पंगत उठल्यावर मोठमोठी पातेली घासून सर्वांच्या मागून घरी जाते. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि ते किती आहे हे एकदा तिलाच विचारा. आता मला सांगा, खिचडी हक्काची झाली म्हणून त्या बाईचे कष्ट कमी झाले काय? हक्क तुम्हाला शासनाकडून आला, घास मात्र तिच्या हातून आला. मी निरनिराळ्या शाळांत मुलांना विचारून पाहिले आहे की तुमच्या स्वयंपाकीण मावशींचे नाव काय? बहुतेकांना सांगता येत नाही. पाच पाच वर्षे जिच्या हातचे जेवले, तिचे नाव माहीत नाही! मीठ कमी पडले तर मात्र त्या दिवशी साऱ्या शाळेला कळते.

एस.टी.तही हेच दिसते. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. अतिशय चांगली गोष्ट झाली. कितीतरी मुलींचे कॉलेज त्यामुळे सुटता सुटता राहिले. परंतु गर्दीत उभ्या उभ्या तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरशी काही जण ज्या सुरात बोलतात तो ऐकला की वाटते, सवलतीबरोबर यांना अरेरावीचाही परवाना मिळाला की काय. कंडक्टरही काही कमी नसतात, हे मी मान्य करतो. पण तो दिवसभरात शेकडो माणसांशी बोलतो, आपण एकट्या त्याच्याशी.

येथे मला 'हक्क' या शब्दाविषयीच थोडे बोलावयाचे आहे, कारण तो शब्द आपल्या घरातला आहे. मराठीत तो अरबी-फारसीतून आला आणि इतका मुरला की कोणाला परका वाटत नाही. पण येताना त्याचा एक भाग वाटेत राहिला. मराठीत हक्क सांगतात, मागतात, मिळवितात, बजावतात, गाजवितात. क्रियापदे पाहा, सगळी स्वतःकडे ओढणारी. आता आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेकडे या. तेथे 'हक अदा करना' असे म्हणतात. आईच्या दुधाचा हक, शेजाऱ्याचा हक, उस्तादाचा हक. हे सारे हक दुसऱ्याचे आहेत आणि ते अदा करावयाचे आहेत मी. 'हुकूकुल इबाद' हे शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. माणसांचे माझ्यावर असलेले हक्क असाच त्याचा आशय. म्हणजे ज्या शब्दात घेणे आणि देणे दोन्ही होती, त्यातले घेणे तेवढे आपण ठेवून घेतले.

जुन्या मराठी कागदपत्रांतही हक्क नुसता नसे. पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, आपला मुलाणी, या सर्वांचे गावात जे हक्क असत ते कामाला बांधलेले असत. काम केले तर खळ्यावर हक्काचे धान्य. गावगाडा आदर्श होता असे मी मुळीच म्हणत नाही. त्यात अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला काम सारे आणि हक्क म्हणून उष्टे आले; ती व्यवस्था मोडली हेच बरे झाले. पण मोडताना हक्काची कामाशी असलेली गाठही आपण सोडून टाकली, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

जाण म्हणजे काय याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. या कामापायी त्यांना व सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या बरोबरीने शाळेच्या कामाला लागल्या. पुढे सावित्रीबाई आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला गेल्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आजारातून उठू पाहणारी बाई नवऱ्याला पत्र लिहिते तेव्हा काय लिहील? प्रकृतीचे, औषधाचे, भावाने केलेल्या शुश्रूषेचे. ते सर्व त्यात आहेच. पण त्यात फातिमाचाही उल्लेख आहे. मी नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, परंतु ती कुरकूर करणार नाही, अशा आशयाचा.

एवढेच आहे. मोठे आभारप्रदर्शन नाही, फातिमाला उद्देशूनही ते लिहिलेले नाही. स्वतः अंथरुणावर असताना आपल्या वाट्याचे ओझे आज कोणाच्या डोक्यावर गेले असेल, हा हिशेब त्या बाईंच्या मनात चालू होता, आणि जिच्यावर ते ओझे आले ती तोंडातून ब्र काढणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. फातिमा शेख यांच्याविषयी त्या काळातला लेखी पुरावा आज फार थोडा हाती आहे. त्या थोड्यात हा उल्लेख मोलाचा मानला जातो. एका सहकारी बाईने जाण ठेवली म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतर आपण ते नाव घेऊ शकतो. मुलींनो, हे पत्र जरूर मिळवून वाचा. सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेले आहे.

अशी माणसे प्रत्येक संस्थेच्या पायात असतात. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. रयत शिक्षण संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्यांत आपलीही मुले पुष्कळ आहेत. कोल्हापुरात १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली ती शाहू महाराजांच्या पुढाकाराने, आणि तिचे अध्यक्षपदही त्यांनी स्वतः घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. ज्यांनी दिले त्यांनी घेणाऱ्याची जात, धर्म पाहिला नाही. घेणारानेही जाण ठेवताना तो पाहू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता पालकांकडे वळतो. आपण एक चूक नेहमी करतो आणि ती प्रेमापोटी करतो. मुलाने उलट उत्तर दिले की आपण वही काढतो. तुझ्यासाठी मी हे केले, ते केले, तुझ्या क्लासला इतके घातले, पोटाला चिमटा घेतला. हे सारे खरे असते. पण रागाच्या वेळी काढलेली वही ही सावकाराची वही होते, आणि सावकाराबद्दल कोणाला कृतज्ञता वाटल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. कुळ देणे तरी फेडते किंवा गाव तरी सोडते. आपली कितीतरी मुले दुसरा पर्याय पत्करतात. पोटाला चिमटा घेतलेला मुलाला दिसावा असे वाटत असेल, तर तो घेतेवेळी शांतपणे सांगावा. या महिन्यात तुझी फी भरायची म्हणून घराचे छप्पर पुढच्या वर्षी घालू, एवढे एक वाक्य पुरते. बारा वर्षांच्या मुलाला घराचा जमाखर्च कळतो. आपण त्याला तो लपवून लाडात वाढवितो आणि मग त्याला किंमत नाही म्हणून रडतो.

२००७ साली आपल्या देशाला आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला. त्या कायद्याने न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि मूळ तरतुदीप्रमाणे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मुलांकडून देवविता येते. ज्या वृद्धांवर तशी पाळी आली त्यांनी संकोच न करता तो अर्ज करावा, असेच मी म्हणेन; उपाशी राहून अब्रू राखण्यात अर्थ नाही. पण दर महिन्याला येणाऱ्या त्या रकमेबरोबर 'अब्बा, गुडघा कसा आहे?' हे विचारायला कोणी येईल, अशी तरतूद कोणत्याही कलमात बसणारी नाही.

सौजन्याचेही तसेच आहे. ते मुले पुस्तकातून शिकत नाहीत. रिक्षावाल्याला आपण 'ए' म्हणून हाक मारतो की 'भाई', घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला चहा कोणत्या कपात देतो, शाळेच्या शिपायाला नावाने बोलावतो की टाळी वाजवून, हे सारे मागे उभे राहून मूल पाहत असते. मोठ्यांपुढे झुकून सलाम करणारी मुले मी खूप पाहिली आहेत. त्यांच्यापैकी सफाई कामगारासाठी जिन्यात बाजूला सरणारी किती, ते मी मोजत असतो.

आता शेवटी ज्या गोष्टीसाठी मी हे सारे बोललो तिच्याकडे येतो. आपली संस्था गरजू मुलांना बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. नोकरी लागल्यावर ती सावकाश परत करावयाची, आणि परत आलेल्या पैशातून पुढच्या मुलाला द्यावयाची. या निधीचे गणित विद्यार्थ्यांनी मांडून पाहावे. समजा, निधी ३ लाखांचा आहे आणि प्रत्येकाला १५ हजार दिले, तर पहिल्या फेरीत २० मुले शिकतात. सर्वांनी परत केले तर दुसऱ्या फेरीतही २०, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतही २०. चार फेऱ्यांत ८० मुले झाली. प्रत्येक वेळी निम्म्यांनीच परत केले तर २०, मग १०, मग ५, मग २. एकूण ३७. पैसे तेच, माणसे तीच. उरलेली ४३ मुले कोठे गेली? ती गॅरेजमध्ये गेली, हातगाडीवर गेली, मुली असतील तर लवकर लग्न होऊन गेल्या. त्यांना ठाऊकही नाही की त्यांची जागा कोणी अडविली.

न फेडणाऱ्यांपैकी काहींशी मी स्वतः बोललो आहे. वाईट माणसे नाहीत ती. ज्यांची खरोखर अडचण आहे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण जे आज दोन खोल्यांच्या चार खोल्या करून राहिले आहेत, तेही म्हणतात, 'सर, ते तर समाजाचे पैसे होते, आमचा हक्कच होता.' समाजाचे म्हणजे कोणाचे? म्हणून मी कार्यालयात बसून जुनी पावतीपुस्तके चाळली. त्यांत मोठ्या रकमा थोड्या आहेत. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या नावाने दर रमजानमध्ये १०० रुपयांची पावती आहे, सलग ११ वर्षे. बाराव्या वर्षी नाही. जहाजावर नोकरीला असलेल्या एका खलाशाने पहिल्या पगारातून पाठविलेले पैसे आहेत. मटण दुकानदार आहेत, निवृत्त तलाठी आहेत, मुलीच्या निकालाच्या आनंदात ५१ रुपये देणारा हमाल आहे. आपल्या गावचे दोन मराठी डॉक्टर आणि एक गुजराती कापड दुकानदारही आहेत. 'समाज' हा शब्द उच्चारला की हे सारे चेहरे पुसले जातात आणि एक भलीमोठी तिजोरी तेवढी डोळ्यांपुढे येते.

मी कार्यकारी मंडळाला सुचविले आणि त्यांनी ते मान्य केले आहे की यापुढे शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने कार्यालयात बसून ती पावतीपुस्तके एक तासभर स्वतः वाचावी. सही घेण्याआधी एवढी एकच अट. उपदेश नाही, भाषण नाही.

ज्यांच्याकडे जुनी बाकी आहे त्यांच्यासाठी सूचना. हप्ता १०० रुपयांचा असला तरी घेतला जातो. एकदम भरले पाहिजेत असे नाही. नोकरी सुटली असेल, घरात आजारपण असेल तर तसे पत्राने अथवा फोनवर कळवावे, मुदत वाढवून मिळते. आजपर्यंत कोणालाही नकार दिलेला नाही. परगावी असणाऱ्यांची बाकी त्यांच्या भावाने, वडिलांनी येऊन भरली तरी चालते, मात्र पावती मूळ विद्यार्थ्याच्या नावानेच फाडली जाईल. कार्यालय रविवारीही दुपारी एकपर्यंत उघडे असते.